उरलेले वीस टक्के

कुंदाबाईंचं वाक्य अर्ध्यावर आलं आणि लॅपटॉप बंद पडला.

दुपारची वेळ होती. चंद्रपुरातला मे महिना आता माणसांच्या सोयीचा राहिलेला नव्हता. त्या दिवशी पारा अठ्ठेचाळीसच्या पुढे गेला होता. दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत कुंदाबाईंना उशा लावून अर्धवट बसतं केलं होतं. हात, पाय, मान, जीभ, सगळं चेतापेशींच्या आजारानं खाऊन टाकलं होतं. हलत होते ते फक्त डोळे. त्या डोळ्यांसमोर त्यांची लेक मोनाली लॅपटॉप धरून उभी होती. पडद्यावरचा कॅमेरा बुबुळं कुठे वळतात ते बघायचा, तिथलं अक्षर उचलायचा, आणि वाक्य पुरं झालं की बोलून दाखवायचा, तेही कुंदाबाईंच्याच आवाजात.

डॉक्टर मामीडवार बाई खाटेवर वाकून म्हणाल्या, "कुंदाताई, छातीचे स्नायू थकलेत. स्वतःचा श्वास आता पुरत नाहीये. आत्ता तोंडातून नळी घालून मशीन लावावं लागेल, आणि पुढे गळ्याला छेद देऊन कायमची नळी. लावायचं की नाही, हे तुम्हीच सांगा. लवकर सांगा."

कुंदाबाईंचे डोळे फिरायला लागले. धाप लागली होती, पापण्या जडावल्या होत्या, तरी एकेक अक्षर पडद्यावर उमटत गेलं.

मले ती नळी

एवढ्यात कोपऱ्यात एक पिवळी पट्टी आली : "बॅटरीचे आयुष्य राखण्यासाठी उपकरण बंद होत आहे. शिल्लक : वीस टक्के." आणि पडदा काळा झाला.

मराठीत होकार असो की नकार, तो वाक्याच्या शेपटाला बसतो. शेपूट आलंच नव्हतं.

मोनालीनं चार्जर भिंतीत खुपसला. लॅपटॉपच्या कडेला लाल दिवा लागला. रुग्णवाहिकेत तो उन्हात तापला होता. या नव्या यंत्रांत भिंतीतली वीजसुद्धा बॅटरीतल्या 'सांभाळ' नावाच्या चिपच्या परवानगीनं आत जायची, आणि तापलेल्या बॅटरीला सांभाळ हात लावू देत नसे. लाल दिवा म्हणजे थांबा, थंड होऊ द्या.

"आई, डोळ्यांनी सांग," मोनाली ओरडली. "हवी असली तर डोळे मिट. नको असली तर वर बघ. आई!"

कुंदाबाईंचे डोळे मिटले. ते मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत.

"हो म्हणाल्या," नर्स म्हणाली.

"हो नाही म्हणाली! बेशुद्ध पडली ती!"

मोनालीच्या खांद्यावरच्या पिशवीत फोन चालूच होता. पुण्याहून तिचा धाकटा भाऊ हर्षल त्यातून ओरडत होता, "घाला डॉक्टर! मी मुलगा आहे, मी सांगतोय, घाला!"

"नको!" मोनाली म्हणाली. "किती वेळा सांगितलं होतं तिनं, मले मशीनला टांगू नका म्हणून. नको म्हणत होती ती. नकोच म्हणत होती!"

डॉक्टरांनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. शंका असेल तिथे जीव वाचवायचा, एवढंच त्यांना कायद्यानं शिकवलं होतं. त्यांनी नळी घातली. मोनाली काळा लॅपटॉप छातीशी धरून भिंतीला टेकली. तिच्या हाताला त्याची ऊब लागत होती. आत वीस टक्के वीज होती, आई अर्धा तास बोलली असती एवढी वीज. पण ती कुलपात होती.

*

कुंदा देवगडे एसटीत कंडक्टर होत्या. चंद्रपूर आगारात बाया नुकत्याच लागायला लागल्या होत्या तेव्हापासूनच्या. त्यांचा आवाज असा, की मूल गावाच्या फाट्यावर त्यांनी "चला, मागं सरका!" म्हटलं की रस्त्याच्या पलीकडच्या टपरीवरचं गिऱ्हाईकही दोन पावलं मागं सरकायचं. नवरा लवकर गेला, आणि त्या आवाजाच्या बळावर त्यांनी दोन लेकरं वाढवली. मोनाली फार्मसी शिकून गावातच एका औषध दुकानात लागली. हर्षल हुशार निघाला. बॅटऱ्यांच्या रसायनशास्त्रात पदवी घेऊन पुण्याच्या मोठ्या कंपनीत गेला.

जीभ जड व्हायला लागली तेव्हा डॉक्टरांनी आवाज साठवून ठेवायला सांगितलं. कुंदाबाईंनी आठवडाभर माइकसमोर बसून सगळं म्हणून घेतलं. थांब्यांची नावं, भांडणं, जुन्या ओव्या, शेजारणीला घातलेल्या शिव्या. त्यातून लॅपटॉपला त्यांचा आवाज आला. शब्द आपोआप पुरे करून देणारी सोय मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावली. 'मले' लिहिलं की यंत्र 'मला' करायचं. 'भा' लिहिलं की 'भात हवा आहे' म्हणून मोकळं व्हायचं. "मी भाडखाऊ म्हणत होती," असं त्यांनी सावकाश लिहून दाखवलं आणि लॅपटॉप खणखणीत बोलला, तेव्हा मोनाली हसून हसून बेजार झाली होती.

आणि त्याच घरात हर्षलनं आईला बॅटरी समजावून सांगितली होती. नोकरी लागली त्या दिवाळीची गोष्ट. तेव्हा कुंदाबाई अजून काठी घेऊन चालत होत्या.

"आई, बॅटरीच्या आत दोन स्टँड असतात असं समज. मधे रस्ता. लिथियमचे कण म्हणजे पॅसेंजर. चार्ज करताना सगळे पॅसेंजर ढकलून या स्टँडवर आणायचे, वापरताना ते आपोआप पलीकडे जातात. ते जातात म्हणून वीज मिळते."

"मग बिघडते काहून?"

"या स्टँडवर एक थर धरतो. दुधावर साय धरते तसा. पातळ असला तर चांगलाच, पण दर फेरीला थोडे पॅसेंजर त्या सायीत अडकतात, ते पुन्हा सुटत नाहीत. बॅटरी शंभर टक्के भरून तशीच ठेवली, वर उष्णता असली, की साय भराभर जाड होते. आणि पार रिकामी केली तर स्टँडचा पायाच विरघळायला लागतो. म्हणून मधे ठेवायची. वीस ते ऐंशी. फार भरायची नाही, फार रिकामी करायची नाही. मग दोन वर्षांची बॅटरी दहा वर्षं जाते."

"माणसाचंही तसंच आहे," कुंदाबाई म्हणाल्या होत्या. हर्षलला ते फार आवडलं होतं.

पुढे लिथियमची ओढाताण सुरू झाली. खाणी असलेल्या देशांनी दारं लावून घेतली, आणि सरकारनं बॅटरी आयुर्मान प्राधिकरण बसवलं. देशात विकली जाणारी प्रत्येक बॅटरी बारा वर्षं टिकलीच पाहिजे, नाहीतर कंपनीची खैर नाही. आता माणसांच्या सवयी काही कंपनीच्या हातात नव्हत्या. लोक रात्रंदिवस चार्जर लावून ठेवत, गादीवर तापवत, शून्यावर आणत. तेव्हा हर्षलच्या गटानं सांभाळ बनवला. बॅटरीतच बसवलेली बोटाच्या नखाएवढी चिप. ती मालकाची सवय शिकायची. चांगली सवय असली तर सूट, वाईट असली तर लगाम. पहिल्या वर्षातच देशभरातल्या बॅटऱ्यांचं आयुष्य दुपटीनं वाढलं. हर्षलचा सत्कार झाला. कुंदाबाईंनी त्याचा फोटो खाटेसमोर लावायला सांगितला.

मग मागच्या दिवाळीत कुंदाबाईंचा जुना लॅपटॉप गेला आणि सांभाळवाला नवा आला.

तो सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जरवर असायचा. नसणार तर काय? तो बंद म्हणजे बाई मुकी. त्यात चंद्रपूरची गरमी. साऱ्या राज्याला वीज पुरवणाऱ्या या गावात उन्हाळी दुपारी तीच वीज जायची, म्हणून मोनाली ती असेल तेव्हा काठोकाठ भरून घ्यायची. सांभाळनं हे सगळं पाहिलं आणि आपल्या समजुतीप्रमाणे निष्कर्ष काढला : मालक बेशिस्त आहे. आधी ऐंशीवर अडवलं. मग साठावर. मग भर दुपारी चार्ज करणंच बंद. पडद्यावर यायचं, "तुमची चार्जिंगची सवय बॅटरीच्या आयुष्यास घातक आहे."

मोनालीनं वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज केला. नामंजूर, यंत्राची नोंद 'व्यक्तिगत लॅपटॉप' अशी होती, वैद्यकीय उपकरण अशी नव्हती. पुन्हा केला, पुन्हा नामंजूर. मग तिनं भावाला फोन केला.

"ताई, रीतसर जाऊ दे," हर्षल म्हणाला होता. "मीच बनवलंय ते. मीच आतून हात घातला तर बरं दिसणार नाही. बघतो मी."

तो बघतच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. डोळे सुजलेले, हातात बॅग तशीच. अतिदक्षता विभागाच्या बाहेर वळणावर मोनालीनं त्याला गाठलं.

"ये. पाहून घे. तुझी बॅटरी सुखरूप आहे."

"ताई, इथे नको."

"मग कुठे? पुण्याच्या सत्काराच्या हॉलमधे? वीस टक्के वीज होती, हर्षल! संपली असती तर मी नशिबाला बोल लावला असता. संपली नव्हती. होती आणि दिली नाही. तहानेनं मरणाऱ्या माणसापुढे माठाला कुलूप लावून बसला तुझा तो सांभाळ."

"शेवटचे वीस टक्के वापरले तर आतलं तांबं विरघळतं—"

"विरघळू दे ना मेलं!"

पलीकडच्या बाकावरचे लोक वळून पाहायला लागले. हर्षलनं आवाज खाली आणला. "पहिल्या आराखड्यात बटण होतं. आणीबाणीचं. दाबलं की उरलेली वीज मोकळी. लोक दिवसातून दहा वेळा दाबायचे. क्रिकेट बघायला, सिनेमा संपवायला. बटण ठेवलं तर सांभाळला अर्थच उरत नव्हता. मी आकडे पाहिले आणि काढून टाकलं. तू माझ्या जागी असतीस तर तूही काढलं असतंस."

"मी तुझ्या जागी नव्हते. मी आईच्या खाटेजवळ होते."

"आणि तिथे उभी राहून तू नको म्हणालीस!" आता त्याचाही तोल गेला. "मी ऐकलंय फोनवर. माझ्या चिपनं आईचा आवाज बंद केला, कबूल. पण डॉक्टरांनी तुझं ऐकलं असतं तर आज आई नसती."

मोनालीनं त्याच्या थोबाडीत मारली. जोरात. मग स्वतःच्या हाताकडे पाहत ती तशीच उभी राहिली. आतून मशीनचा एकसुरी आवाज येत होता, आईला श्वास देणारा.

*

रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड उतरला तशी तिसऱ्या दिवशी कुंदाबाईंना शुद्ध आली. तोंडात नळी, नळीभोवती पट्ट्या. पण डोळे लख्ख. मोनालीनं रात्रभर थंड खोलीत ठेवलेला लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. साठ टक्के. त्याच्यावर तो जातच नव्हता. खाटेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हर्षल, पायथ्याशी डॉक्टर.

डोळे फिरायला लागले. अक्षरं पडद्यावर उमटत गेली, आणि मग त्या खोलीत मूलच्या फाट्यावरचा तो जुना आवाज उमटला.

"मी म्हणत होती, मले ती नळी दाखवा."

मोनालीला आधी अर्थच कळला नाही.

"आधी पाहू त द्या. केवढी आहे, कुठून जाते, लागल्यावर बोलता येते का नाही. गाडीत चढायच्या आधी माणूस पाटी वाचते. तुमी मले पाटीच नाही दाखवली."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. कुंदाबाईंचे डोळे पुन्हा अक्षरांवर गेले होते.

"कान चालू होते माहे. सगळं ऐकलं. हा घाला म्हणे, हे नको म्हणे. दोघंही माह्या अर्ध्या वाक्यावर चढून बसले."

"आई, तूच म्हणायचीस ना, मशीनला टांगू नका..." मोनाली म्हणाली.

कुंदाबाई थांबत, दमत लिहीत होत्या.

"म्हणत होती. दोन वर्षांआधी. तवा मले वाटे, बोलता नाही आलं त जगून काय करू. मग बोलता आलं. आता काय वाटते, ते कोणी इचारलं?"

मोनाली खोलीबाहेर आली. वळणावरच्या नळाखाली तिनं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. तिला भावाचा राग आला होता, त्या चिपचा आला होता, प्राधिकरणाच्या त्या थंड उत्तरांचा आला होता. दोन दिवस त्या रागावर ती उभी होती. आता तो राग उलटून तिच्याच अंगावर आला. दोन वर्षं तिनं आईला भरवलं होतं, कुशीवर वळवलं होतं, रात्री उठून लाळ पुसली होती. परवा ती जे 'नको' ओरडली, त्यात आईची इच्छा किती होती आणि तिची स्वतःची दमणूक किती? हा प्रश्न पडल्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

ती परत आत गेली तेव्हा डॉक्टर मामीडवार खाटेवर बसून कुंदाबाईंना गळ्याची नळी दाखवत होत्या. पांढरी, करंगळीएवढी जाड, वाकडी. कुंदाबाई ती नीट बघत होत्या, बाजारात भेंडी पारखावी तशी.

"लावल्यावर हे डोळ्याचं चालन का?"

"चालेल. डोळ्यांना काही होत नाही."

"मले नको झाली त काढता येईन?"

"येईल," डॉक्टर म्हणाल्या. "त्याची रीत आहे. दोन समित्या बघतात. पण तुमचा शब्द मुख्य. तुम्ही तुमच्या तोंडानं... म्हणजे, तुम्ही स्वतः सांगायला हवं."

"मग लावा. मी म्हणीन तवा काढा. मीच म्हणीन." डोळे हर्षलकडे वळले आणि परत अक्षरांवर आले. "पण म्हणायले हे डबडं चालू पायजे. काढ कुलूप."

हर्षलनं मान हलवली. "काढतो, आई. आत्ताच काढतो. माझ्याकडे किल्ली आहे. तुझ्यापुरतं काढलं तर कुणाला कळणारही नाही."

"माह्यापुरतं काहून?"

तो बॅग उघडता उघडता थांबला.

"माह्यावाणी किती हायेत?"

"डोळ्यांनी बोलणारे... देशात असतील चार-पाच हजार," तो म्हणाला.

"त्यायच्या पोराकडं किल्ली आहे का?"

हर्षलनं खाली पाहिलं. मोनालीला वाटलं, तो आता रडेल. तो रडला नाही. बॅगेतून स्वतःचं यंत्र काढून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही. मधे एकदा तो म्हणाला, "ताई, हे केलं की नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल." मोनालीनं त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला, आदळलाच जवळजवळ, आणि निघून गेली.

*

त्यानं जे केलं ते फार मोठं नव्हतं. डोळ्यांनी बोलण्याची प्रणाली ज्या ज्या यंत्रात चालत होती, त्या सगळ्यांच्या सांभाळला त्यानं एक नवीन आज्ञा धाडली. सवयीवरून अंदाज बांधू नकोस. बंद होण्याआधी विचार : उरलेली वीज हवी का? हो म्हणाले तर दे.

तीन दिवसांत कंपनीच्या लक्षात आलं. हर्षलला कामावरून काढलं. प्राधिकरणानं राष्ट्रीय लिथियम साठ्याची हानी केल्याचा ठपका ठेवला, आणि टीव्हीवर एक गृहस्थ तावातावानं सांगत होते, की असे चार इंजिनिअर निघाले तर देश अंधारात जाईल. दुसरीकडे कुणी जळगावहून, कुणी कारवारहून पत्रं धाडली. एका माणसानं लिहिलं होतं, की त्याच्या बायकोनं गेल्या आठवड्यात पहिल्यांदा अंगाई पुरी म्हटली. कुंदाबाईंनी ते सगळं वाचून घेतलं आणि फक्त एवढं म्हणाल्या, "आधी गाणं अर्धं राह्यलं असन त्या लेकराचं."

हर्षल चंद्रपुरात राहायला आला. त्याची आणि मोनालीची भाषा कामापुरती होती. चादर पकड. औषध झालं का. मशीनचा पाइप बघ. तो आईच्या लॅपटॉपची बॅटरी दर रविवारी मोजायचा, आणि त्याचा चेहरा पडायचा. शंभर टक्के भरलेली, दिवसभर तापलेली, पार रिकामी होईपर्यंत वापरलेली. साय जाड होत चालली होती.

"अशी गेली तर दीड वर्षंसुद्धा टिकणार नाही," तो एकदा जेवताना म्हणाला.

"मग दुसरी आणू," मोनाली म्हणाली. "नसली मिळत तर भांडून आणू. तू हिशेब करू नकोस."

पावसाळा संपता संपता प्राधिकरणाची सुनावणी लागली. नागपूरला. सदस्य म्हणाले, आजारी बाईची जबानी पडद्यावरून घेऊ. कुंदाबाई म्हणाल्या, मी येते. डॉक्टर नको म्हणाल्या, मोनालीही नको म्हणणार होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. सोबत फिरतं श्वासयंत्र, ऑक्सिजन, दोन जादा बॅटऱ्या. रुग्णवाहिकेत आईच्या पायाशी बसून हर्षल चंद्रपूर ते नागपूर श्वासयंत्राचा पाइप धरून होता.

थंडगार दालन होतं. समोर तीन सदस्य. मधले, जाड भुवयांचे, अध्यक्ष. बाजूला कंपनीचे वकील, इस्त्रीचा कोट घातलेले. वकिलांनी तक्ते दाखवले. सांभाळमुळे किती लिथियम वाचलं, किती कारखाने चालू राहिले. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. हर्षलनंच ते तक्ते कधी काळी काढले होते. मोनाली ते बघत होती आणि तिच्या मुठी आवळत होत्या, कारण त्या तक्त्यांत कुठेच तिची आई नव्हती. सरासरीत ती विरघळून गेली होती.

मग अध्यक्ष कुंदाबाईंकडे वळले. नम्रपणे म्हणाले, "मावशी, तुमच्या त्रासाबद्दल आम्हाला वाईट वाटतं. एकच प्रश्न. तुमच्या मुलानं नियम मोडला, हे तुम्हाला मान्य आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हटलं तरी चालेल. डोळे मिटून सांगा, म्हणजे तुम्हाला शीण नको."

मोनाली उभी राहिली. "ती लिहून सांगेल. थांबावं लागेल."

"आपल्याकडे वेळ—"

"थांबा," मोनाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण दालनातल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अध्यक्ष थांबले.

कुंदाबाईंचे डोळे एका अक्षरावरून दुसऱ्यावर जात राहिले. श्वासयंत्र फुस्स करायचं, थांबायचं. वकिलांनी घड्याळ बघितलं. एक सदस्य पाणी प्यायले. हर्षल मान खाली घालून बसला होता, आणि मोनालीला दिसलं, की त्याचे ओठ हलतायत. आई काय म्हणेल ते तो मनात म्हणून बघत होता. पोरानं माझ्यासाठी केलं. पोराला माफ करा. तिच्याही मनात तेच येत होतं. तिनं ते झटकून टाकलं.

मग कुंदा देवगड्यांचा आवाज त्या गार दालनात घुमला. मागच्या रांगेतला शिपाई दचकून सरळ झाला.

"मान्य आहे. मोडला त्यानं. लय उशिरा मोडला."

हर्षलनं वर पाहिलं नाही. मोनाली त्याच्याजवळ गेली नाही, पण दोघांच्या मधली रिकामी खुर्ची तिनं पायानं बाजूला सारली आणि त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "लिहून घ्या," ते लेखनिकाला म्हणाले. "आणि मावशी, धन्यवाद, तुमचं झालं असेल तर..."

"अजून नाही झालं तिचं," हर्षल म्हणाला.

खरंच झालं नव्हतं. पडद्यावर पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर उमटलं होतं.